परीक्षेत 'वैयक्तिक प्रवास' लिहायचाय. स्वतःची खरी गोष्ट वापरावी का?

डावापाय:

नमस्कार. तीन आठवड्यांवर परीक्षा आलीये. भाषेच्या पेपरात सर्जनशील लेखनाचा एक प्रश्न असतो. त्याचं सूत्र आधीच सांगितलेलं आहे, 'वैयक्तिक प्रवास'. नेमकं काय विचारतील ते मात्र पेपर हातात आल्यावरच कळतं. कधी चित्र, कधी एखादी ओळ, कधी नुसता एक शब्द. वेळ ४० मिनिटं. कथा, डायरी, पत्र, स्वगत, काहीही लिहिलं तरी चालतं.

मागच्या वर्षी मी सायकलवरून पडले. डाव्या गुडघ्याखालचं हाड मोडलं. प्लेट, स्क्रू, दहा आठवडे पाय जमिनीला टेकवायचा नाही, मग वॉकर, मग कुबड्या, मग एकच काठी. विनाआधार चालायला आठ महिने लागले. त्यामुळे ज्याला त्याला वाटतं, हिचं काय, हिच्याकडे आयता विषय आहे! बाईंना वाटतं, मैत्रिणींना वाटतं, आत्याला तर फारच वाटतं.

पाच वेळा लिहून झालं. दर वेळी आधीच्यापेक्षा वाईट. पहिल्यांदा लिहिताना निदान पोटात काहीतरी झालं होतं, पाचव्यांदा नुसतं मनगट दुखलं. नमुना देते:

"त्या काळ्या दिवसाने माझे आयुष्यच बदलून टाकले. पण मी हार मानली नाही. जिद्द आणि आत्मविश्वासाच्या जोरावर मी पुन्हा उभी राहिले. या प्रवासाने मला जगायला शिकवले."

बाईंचा शेरा: 'प्रेरणादायी!' गुण: १५ पैकी ९. एवढी प्रेरणा झाली तर निदान ११ तरी द्यायचे.

विचारायचं असं की हीच गोष्ट घेऊन बसू, की सरळ डोंगर चढल्याची वगैरे काल्पनिक गोष्ट रचू? पाठ करून जावं का? आणि अजून एक, जे बाईंना विचारता आलं नाही. मला ती गोष्ट त्या पेपरात द्यावीशीच वाटत नाही. पण न देऊन गुण घालवणं हा मूर्खपणा वाटतो. असं कुणाचं झालंय का?

झटपट:

पाठच कर. मी तेच केलं होतं. एक बरी गोष्ट तयार ठेवायची, सुरुवातीला सुविचार, शेवटी संदेश, मध्ये दोन-तीन उपमा. पेपरात जी ओळ येईल ती पहिल्या आणि शेवटच्या परिच्छेदात घुसवायची. परीक्षक एका पेपरला पाच मिनिटंसुद्धा देत नाहीत, एवढा विचार करू नकोस.

लालपेन:

झटपटशी अर्धा सहमत. असं केलंस तर पास होशील, आणि नऊच मिळतील, कारण तू आत्ता तेच केलंयस.

मी बावीस वर्षं पेपर तपासले. गठ्ठ्यातला पाठ केलेला पेपर ओळखायला फार हुशारी लागत नाही. सगळीकडे एका लयीतलं अक्षर, एकही खाडाखोड नाही, आणि प्रश्नातली ओळ जिथे येते तिथे लुगड्याला गोणपाटाचं ठिगळ लावल्यासारखी भाषा. एका वर्षी रिकाम्या बाकाचं चित्र दिलं होतं. एका मुलाने समुद्रातल्या वादळाची गोष्ट लिहिली होती. बरी होती. पण तिसऱ्या पानावर, लाटा डोक्याइतक्या उंच झालेल्या असताना, डेकवर अचानक एक बाक आला. रिकामा. मी पेन खाली ठेवून हसलो आणि मग गुण कापले. वाईट वाटलं, पण कापले.

आता तुझ्या गोष्टीबद्दल. विषय चुकलेला नाही, माप चुकलंय. ४० मिनिटांत तू किती लिहितेस ते मोजलंयस का? विचार करायला आणि शेवटी वाचून बघायला दहा मिनिटं काढलीस तर हातात अर्धा तास उरतो. वेगात लिहिणारी मुलं तेवढ्यात तीन-साडेतीन पानं लिहितात. त्यात आठ महिने कोंबायचे म्हणजे पानाला अडीच महिने. याला गोष्ट म्हणत नाहीत, अहवाल म्हणतात. अहवालात तपशिलाला जागा नसते, मग तिथे 'जिद्द' येऊन बसते. 'जिद्द', 'आत्मविश्वास', 'काळा दिवस' हे शब्द वाईट नाहीत गं, पण ते कुणाच्याही गोष्टीत बसतात. तुझी जिद्द आणि डेकवरच्या मुलाची जिद्द यांत मला फरक करता येत नाही.

थोडं विषयांतर करतो, म्हातारपणाची सवय. 'मेघदूत' आठव. यक्षाला एक वर्षाचा शाप आहे. पुढे निरोपात तो बायकोला सांगतो की आता चार महिने उरलेत. म्हणजे ढग दिसला तेव्हा आठ महिने सरलेत. तुझ्याइतकेच! त्या आठ महिन्यांचं कालिदास काय करतो? दुसऱ्याच श्लोकात 'काही महिने काढले' म्हणतो आणि यक्षाचं मनगट दाखवतो. हात इतका वाळलाय की सोन्याचं कडं गळून पडलंय. झालं. एका मोकळ्या मनगटात आठ महिने संपवले, आणि मग सगळं काव्य त्या एका आषाढातल्या दिवसाचं, त्या एका ढगाचं. बरं, यक्ष स्वतः रामगिरीवरून हलतसुद्धा नाही. प्रवास ढगाने करायचा आहे, तोही अजून केलेला नाही. यक्ष नुसता वाट सांगतोय, आणि उज्जयिनी आडवाटेला पडते तरी वाकडी वाट करून जा म्हणून गळ घालतोय. त्या आडवाटेच्या हट्टात तो माणूस जेवढा कळतो तेवढा त्याच्या दुःखाच्या वर्णनातही कळत नाही.

तेव्हा कालिदासाचं बाजूला ठेवू, तुझं कडं कुठलं ते सांग. त्या आठ महिन्यांतल्या अशा दोन-तीन गोष्टी लिही ज्या पाय न मोडलेल्या माणसाला माहीत असणं शक्यच नाही. भावना नकोत. वस्तू, आकडे, कुणी काय म्हणालं ते. इथेच लिही, शुद्धलेखनाची काळजी करू नकोस.

डावापाय:

सर, कड्याचं वाचून दचकले, कारण फिजिओताई दर पंधरा दिवसांनी टेपने माझ्या मांड्या मोजायच्या. उजवी ४६ सेंटिमीटर, डावी ४१. मला वाटायचं पाय मोडला गुडघ्याखाली, तर मांडी का बारीक झाली? वापरली नाही म्हणून.

दुसरं, जिने. काठी घेऊन जिना चढताना चांगला पाय आधी टाकायचा आणि उतरताना दुखरा आधी. उलट झालं तर तोल जातो. अजूनही जिन्याच्या तोंडाशी आले की क्षणभर थांबते, कुठला आधी ते आठवायला. आता दोन्ही चांगलेच आहेत तरी.

तिसरं म्हणजे वजनकाटा. दहा आठवड्यांनी पाय टेकवायची परवानगी मिळाली, पण सगळा भार द्यायचा नव्हता. फक्त १५ किलो. आता १५ किलो म्हणजे किती, हे पायाला कसं कळणार? म्हणून घरातला वजनकाटा जमिनीवर ठेवायचा. त्यावर डावा पाय. उजवा शेजारी, काट्याच्याच उंचीच्या वह्यांच्या गठ्ठ्यावर. हातात वॉकर. मग काटा १५ वर येईपर्यंत हळूहळू डावीकडे झुकायचं. जमलं की डोळे मिटून तेच. पायाला अंदाज यायला हवा ना. पहिल्या दिवशी डोळे मिटून मला वाटलं, आले १५. बघितलं तर ४. अंगाला घाम फुटला होता आणि काटा ४ वर.

माझा भाऊ ९ वर्षांचा आहे. तो आकडा वाचायचं काम करायचा. खाटेपासून न्हाणीघराच्या दारापर्यंत अकरा पावलं होतात, हेही त्यानेच मोजलं होतं.

एवढंच आठवतंय. यात प्रवास कुठे आहे ते मला दिसत नाही, मी तर खोलीबाहेरही गेले नव्हते.

लालपेन:

चारपासून पंधरापर्यंत. अकरा किलोंचा प्रवास आहे. रस्ता दिसला ना?

सायकल, पडणं, शस्त्रक्रिया सगळं काढून टाक. अपघात फार तर एका उपवाक्यात. गोष्ट सुरू होईल तेव्हा पाय काट्यावर असू दे. आणि ती पंधरावर संपवायची सक्ती नाही. माझं ऐकशील तर नवावर संपव. विनाआधार चालण्याच्या दिवसापर्यंत तर अजिबात जाऊ नकोस, तिथे 'जिद्द' दबा धरून बसलेली आहे.

पाठ करण्याबद्दल. गोष्ट पाठ करू नकोस, सामान पाठ कर. काटा, वह्यांचा गठ्ठा, टेप, जिन्याचा नियम, भावाचा आवाज, अकरा पावलं. ही तुझी पोतडी. आता रोज एक वेगळा प्रश्न घे आणि त्या पोतडीतून काय काढायचं ते पाच मिनिटांत ठरव. गोष्ट पूर्ण लिहायचीही गरज नाही. 'सोबत' आलं तर भाऊ. बंद दाराचं चित्र आलं तर न्हाणीघर आणि अकरा पावलं. 'परतीची वाट' आलं तर जिना उतरणं. चढण्यापेक्षा उतरणं भीतीचं होतं ना? असणारच. 'ओझं' आलं तर काही विचारूच नकोस. आणि 'समुद्र' आला तर? तर समुद्र हाच विषय समजून दोन मिनिटं शांत बस. दहा आठवडे खाटेवर पडलेल्या माणसाला जमीन कशी दिसते? खाली बघताना पोटात गोळा येतो का? असा दुवा सापडला तर पोतडी वापर, नाही सापडला तर पोतडी बंद कर आणि दुसरं काहीतरी लिही. बाक डेकवर नेऊ नकोस.

मधलीओळ:

सरांचं सगळं पटलं, पण तिचा तिसरा प्रश्न तसाच राहिला. तिला ही गोष्ट द्यायची नाहीये.

माझा अनुभव सांगते. मी परीक्षेत वडिलांच्या आजारपणावर लिहिलं होतं. चांगलं लिहिलं, गुणही उत्तम मिळाले. वर्गात वाचूनही दाखवलं गेलं. पण त्या रात्रीचं मला आता काहीही आठवत नाही. आठवतात ती मी लिहिलेली वाक्यं. खरोखर काय झालं होतं आणि पेपरात काय शोभेल म्हणून मी काय घातलं होतं, हे वेगळं करता येत नाही. याची कल्पना मला कुणी आधी दिली नव्हती, म्हणून इथे लिहितेय.

'वैयक्तिक' म्हणजे 'मी'च हवं असं कुठे लिहिलंय? परीक्षकाला प्रतिज्ञापत्र नको असतं. तो काटा, ते वह्यांचे गठ्ठे एखाद्या सत्तर वर्षांच्या आजोबांना दे. किंवा स्वतःकडे बाहेरून बघ, भावाच्या नाहीतर फिजिओताईंच्या तोंडून सांग. तपशील खरे, माणूस रचलेला. तुझं जे आत आहे ते तुझ्याकडेच राहील आणि लिहायला मोकळीकही मिळेल. स्वतःबद्दल लिहिताना आपण स्वतःला फार चांगलं दाखवतो. दुसऱ्याच्या तोंडी दिलं की आपलं चिडणं, रडणं, भावावर वस्तू फेकणं (फेकली असशीलच) हेही लिहिता येतं.

लालपेन:

हे मला सुचलं नव्हतं. मी कायम गुण देणाऱ्या बाजूला बसलो, लिहिणाऱ्याचं नंतर काय होतं ते कधी बघितलं नाही. भावाच्या तोंडून लिही. नऊ वर्षांच्या मुलाला 'प्रेरणादायी' हा शब्दच येत नाही, हा आणखी एक फायदा.

कोराकागद:

सगळे मोठे बोलून झाले, आता माझी किरकोळ भर. यंदाच ही परीक्षा देऊन सुटलोय.

आपल्या अक्षरात एका ओळीत किती शब्द बसतात ते मोजून ठेव. माझे आठ. त्यावरून पेपरात कुठे पोचलोय ते नजरेनेच कळतं, शब्द मोजत बसावे लागत नाहीत. सराव घड्याळ लावून आणि हातानेच कर. मी सगळा सराव मोबाईलवर टाईप करून केला आणि पेपरात दुसऱ्या पानावर बोटं वळेनात.

सरावात लिहून झालं की पहिला परिच्छेद झाकून वाचून बघ. माझ्या दहातल्या आठ गोष्टी दुसऱ्या परिच्छेदापासूनच सुरू होत होत्या. पहिला नुसता घसा खाकरणं.

आणि यात माझे गुण गेले: निवेदन 'केले, गेले, म्हणाले' असं सुरू करायचं आणि घाई झाली की 'केलं, गेलं, म्हणालं' वर यायचं. बोलीत लिहायचं तर शेवटपर्यंत बोलीत. नाहीतर निवेदन प्रमाण ठेवून बोली फक्त संवादात. शेवटची तीन मिनिटं फक्त याच्यासाठी ठेव. काळाचंही तेच, 'तो बसतो' वरून 'तो बसला' वर कधी घसरलो ते कळत नाही. तू नऊ वर्षांच्या मुलाच्या तोंडून लिहिणार असशील तर बोलीच घे, 'मी उभा राहिलो असता' असं कुठलंही पोरगं बोलत नाही.

झटपट:

बरं बाबा, हरलो. पण बाक डेकवर नेणारा मुलगा मीच असेन अशी शंका येतेय.

डावापाय:

चार दिवसांनी येतेय. सहा प्रश्नांवर नुसती पाच-पाच मिनिटांची आखणी केली. एक प्रश्न ('आरसा') काही केल्या पोतडीत बसला नाही, सोडून दिला. 'विश्वास' या शब्दावर पूर्ण गोष्ट लिहिली, ३७ मिनिटं लागली. पहिला परिच्छेद झाकला तर खरंच त्याच्यावाचून काही अडलं नाही, म्हणून काढला. आता सुरुवात अशी आहे:

"ताईचा पाय काट्यावर असतो तेव्हा ताईने बघायचं नसतं. बघायचं काम माझं. मी पोटावर झोपतो, कारण उभ्याने काचेवर उजेड पडतो आणि आकडा दिसत नाही. जवळून ताईचा पाय वेगळाच दिसतो. नखं वाढलीयेत. आईला सांगायला पाहिजे.

'झाले पंधरा?' ताईने डोळे मिटूनच विचारलं.

'सहा,' मी म्हणालो.

'चल, खोटं बोलतोस.'

बोलतच होतो. काटा चारवर होता."

इथून पुढे तो रोज दोन किलो जास्त सांगत जातो, आणि एक दिवस तिला खरा आकडा कळतो. शेवट ९ वर केलाय, सरांनी सांगितला म्हणून नाही, तिथेच वेळ संपत आली. पायावर भार देण्याबद्दल, घाबरण्याबद्दल मी एकही वाक्य लिहिलं नाही, आणि 'जिद्द' शून्य वेळा. मधलीओळताई, वस्तू फेकली होती. कंपासपेटी. तीही घातली.

बाईंना अजून दाखवलं नाही. भावाला वाचायला दिलं. तो खोटं सांगायचा हा भाग मी मनाने रचलाय, त्याने मला कायम बरोबरच आकडे सांगितले असं मी धरून चालले होते. त्याने पूर्ण वाचलं, कागद परत दिला आणि म्हणाला, अकरा नाही, तेरा पावलं होती. खोट्या आकड्यांबद्दल काहीच बोलला नाही.

लालपेन:

तेरा कर.